निवाडा देऊन निघून गेलेले रामशास्त्री सगळ्यांना माहितीयेत, पण ते परत आले होते त्याचं काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं कोपरगाव. गोदावरीच्या काठचं गाव. इथं राघोबादादांच्या नावानं ओळखला जाणारा पेशवेकालीन वाडा आहे. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत मजल मारणारे रघुनाथराव पेशवे आयुष्याच्या शेवटी याच भागात येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ ला इथंच वारले.

त्याच्या दहा वर्षं आधी पुण्यात एका न्यायाधीशानं या रघुनाथरावांना त्यांच्या तोंडावर पुतण्याच्या खुनाचा दोषी ठरवलं होतं. तेव्हा रघुनाथराव पेशवे होते आणि न्यायाधीश त्यांच्याच पदरी नोकरीला होता. ती शिक्षा कधी अमलात आली नाही. न्यायाधीश पुणं सोडून गेला.

हे न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे.

इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पण ती पुढंही आहे. रघुनाथराव कोपरगावात शेवटचे दिवस काढत होते, तेव्हा रामशास्त्री पुण्यात पुन्हा न्यायाधीशाच्या गादीवर बसलेले होते. गेलेला न्यायाधीश परत आला होता आणि मरेपर्यंत त्याच कामावर राहिला.

आजही निवृत्त न्यायाधीशांना परत कामावर बोलवावं का, यावर चर्चा होत असते. खटले तुंबलेत, न्यायाधीश कमी आहेत, अनुभवी माणसं घरी बसून आहेत, मग त्यांना बोलवायला काय हरकत आहे, असं एक मत. एकदा पद सोडलं की सोडलं, परत येणाऱ्याला सरकारची मर्जी सांभाळावी लागते, असं दुसरं मत. रामशास्त्रींचं आयुष्य या दोन्ही मतांना भिडतं. त्यामुळं त्यांचं जाणं आणि येणं, दोन्ही नीट समजून घेऊ.

माहुलीचा मुलगा काशीला कसा पोहोचला?

रामशास्त्रींचं गाव साताऱ्याजवळचं क्षेत्र माहुली. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम इथं होतो. त्यांचा जन्म साधारण १७२० च्या सुमारास झाला असं मानतात. वडील लवकर गेले. शिक्षण काही झालं नाही. पोरसवदा वयात ते साताऱ्यातल्या अनगळ नावाच्या सावकाराकडं शागिर्द म्हणून राहिले. शागिर्द म्हणजे हातापायाखालची कामं करणारा पोऱ्या.

त्यांच्या शिक्षणाची सुरुवात कशी झाली याची एक गोष्ट सांगितली जाते. एके दिवशी मालकाच्या पायावर पाणी घालताना मुलाची नजर मालकाच्या कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली आणि पाणी भलतीकडं पडलं. मालकानं सुनावलं की असले दागिने विद्येनं नाहीतर तलवारीनं कमवावे लागतात. मुलाला ते लागलं आणि त्यानं थेट काशीची वाट धरली.

गोष्ट अगदी अशीच घडली असेल किंवा नसेल. पण काशीचं शिक्षण खरं आहे. तिथं त्यांना बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारखे गुरू मिळाले. मिताक्षरा हा त्या काळातला वारसा, दत्तक, वाटणी अशा विषयांवरचा मोठा कायदेग्रंथ. त्यावरची बाळंभट्टी ही टीका पायगुंड्यांच्याच नावानं ओळखली जाते. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर रामशास्त्रींनी कायद्याचं शिक्षण त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या जाणकाराकडं घेतलं.

शिकायला उशिरा सुरुवात केलेला हा माणूस १७५१ च्या सुमारास पेशव्यांच्या पदरी धर्मखात्यात रुजू झाला. पुढं १७५९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. तेव्हा नानासाहेब पेशवे होते.

पेशवाईत न्याय कसा चालायचा?

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा कोर्ट तर नव्हतं, मग न्यायाधीश करायचे काय?

बहुतेक भांडणं गावातच सुटायची. वतन, जमीन, वाटणी, दत्तक, कर्ज असे वाद असायचे. पाटील आणि गावकरी पंच बसवायचे. तिथं भागलं नाही तर प्रकरण परगण्याच्या कमाविसदाराकडं जायचं आणि तिथूनही मिटलं नाही तर पुण्याला यायचं.

दोन्ही पक्ष आपापली लेखी तकरीर द्यायचे. पंचांचा निर्णय मान्य करू, असं दोघांकडून लिहून घेतलं जायचं. या कागदाला राजीनामा म्हणत. हो, आज आपण नोकरी सोडताना देतो तोच शब्द. तेव्हा त्याचा अर्थ निर्णयाला राजी असल्याचा कागद असा होता. मग जुने कागद, साक्षीदार बघून निवाडा व्हायचा. कुठंच पुरावा नसेल तर दिव्य करायची वेळही यायची. जिंकणारा सरकारात हरकी भरायचा आणि हरणारा गुन्हेगारी.

पुण्याचे न्यायाधीश या सगळ्या रचनेच्या टोकाला बसायचे. पण त्यांच्या हातात फौज नव्हती. निवाडा अमलात आणणं शेवटी पेशव्यांच्या हाती होतं. त्यामुळं न्यायाधीशाचं वजन किती, हे त्याच्या शब्दाला लोक किती मानतात यावर ठरायचं.

आणि हा कायदा आजच्यासारखा सगळ्यांना समान नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. धर्मशास्त्रात जात बघून शिक्षा बदलायची. रामशास्त्री त्याच चौकटीतले न्यायाधीश होते. त्यांचं वेगळेपण असं, की ती चौकट त्यांनी सत्तेवरच्या माणसालाही लावली.

पेशव्यालाच सुनावणारा न्यायाधीश

पानिपतानंतर १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले, तेव्हा ते १६ वर्षांचे होते. त्यांच्या आणि रामशास्त्रींच्या नात्यातला एक प्रसंग ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलाय.

तर झालं असं, की तरुण माधवरावांना जपतपाची ओढ लागली. एकदा रामशास्त्री कामासाठी गेले तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्री मुकाट परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागू लागले. माधवरावांनी कारण विचारलं. शास्त्रींचं म्हणणं सरळ होतं. जप करायचा असेल तर दोघंही गंगेकाठी जाऊन बसू. पण राज्य करायचं असेल तर लोकांची कामं खोळंबवून जप करता येणार नाही. माधवरावांनी ते ऐकलं आणि आपला दिनक्रम बदलला.

रामशास्त्रींच्या घराबद्दलही डफनं एक गोष्ट लिहिलीय. दिवसाला लागेल त्यापेक्षा जास्त काही घरात ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. ज्याच्या घरात उद्याचाही साठा नाही, त्याला नोकरी जायची भीती घालता येत नाही.

३० ऑगस्ट १७७३

नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथरावांना गादी हवी होती आणि ते शनिवारवाड्यात नजरकैदेत होते.

३० ऑगस्ट १७७३ ला दुपारी सुमेरसिंग आणि त्याचे गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून वाड्यात घुसले. १८ वर्षांचे नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून जीव वाचवा म्हणून विनवू लागले. गारद्यांनी तिथंच त्यांना मारलं. आड येणारे नोकरही मारले गेले.

त्यानंतर रघुनाथराव पेशवे झाले. उघडपणे बोलायची कुणाची हिंमत नव्हती. अशा वेळी रामशास्त्रींनी चौकशी सुरू केली. डफच्या म्हणण्यानुसार ती सुमारे सहा आठवडे चालली. नारायणरावांना धरण्याचा हुकूम रघुनाथरावांनी दिला होता, हे त्यातून पुढं आलं. धरण्याचा मारण्याचा कसा झाला, म्हणजे आनंदीबाईंनी ध चा मा केला, ही गोष्ट तेव्हापासून घराघरात सांगितली जाते. त्या एका अक्षरावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण या कटाचा धागा रघुनाथरावांपर्यंत जातो, हा रामशास्त्रींचा निष्कर्ष होता आणि तो त्यांनी रघुनाथरावांसमोर मांडला.

रघुनाथरावांनी धरण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं आणि प्रायश्चित्त विचारलं. इथं एक फरक समजून घ्यायला हवा. प्रायश्चित्त म्हणजे धर्मशास्त्रानुसार पाप फेडण्याचा उपाय. दानधर्म, यज्ञ, तीर्थयात्रा यावर भागेल, अशी त्या काळातल्या कुठल्याही सत्ताधाऱ्याची अपेक्षा असणार. रामशास्त्रींनी सांगितलेलं प्रायश्चित्त एकच होतं, देहान्त. जीव देण्याशिवाय या पापाची फेड नाही.

आणि रघुनाथराव कारभार करत आहेत तोवर आपण पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं जाहीर करून ते निघून गेले. वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. हे गाव म्हणजे पांडववाडी, असं सांगितलं जातं.

जाताना त्यांनी काय सोडलं होतं?

रामशास्त्रींच्या जाण्याची अट नीट बघा. न्यायाचं काम आता करणार नाही, असं ते म्हणाले नव्हते. हे रघुनाथराव सत्तेत असेपर्यंतचं होतं. म्हणजे त्यांनी एका माणसाची चाकरी सोडली होती, न्यायाधीशाचं काम सोडलं नव्हतं. परत यायचं दार त्यांनी स्वतःच उघडं ठेवलं होतं, फक्त ते कधी उघडायचं हे त्यांच्या सोयीवर नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत पुण्यात सगळं फिरलं. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आणि इतर कारभारी एकत्र आले. हेच ते बारभाई. त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ ला तिथं सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या ४० दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. रघुनाथरावांची सत्ता गेली, ते पुढं इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

रामशास्त्रींची अट पूर्ण झाली होती. बारभाईंनी त्यांना बोलावलं आणि ते न्यायाधीशाच्या पदावर परत आले.

आता इथं खरा प्रश्न येतो. ज्या निवाड्यामुळं रघुनाथराव बदनाम झाले, त्याचा सगळ्यात जास्त फायदा बारभाईंना झाला होता. मग त्यांनीच दिलेलं पद घेणं म्हणजे बक्षीस घेणं नव्हतं का?

तारखा बघितल्या तर उत्तर सापडतं. रामशास्त्रींनी निवाडा दिला तेव्हा रघुनाथराव पेशवे होते. सवाई माधवरावांचा जन्म व्हायचा होता. बाळ होईल की नाही, मुलगा होईल की मुलगी, कारभारी टिकतील की मारले जातील, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्या क्षणी त्या निवाड्यातून मिळण्यासारखं काही नव्हतं, गमावण्यासारखं मात्र सगळं होतं. म्हणून पुढं मिळालेल्या पदाला कुणी मोबदला म्हणू शकलं नाही.

पण बारभाईंना रामशास्त्री हवे होते ते फक्त न्यायासाठी, असंही नाही. तान्ह्या बाळाच्या नावानं राज्य चालवणाऱ्यांना लोकांच्या विश्वासाची गरज होती. रामशास्त्री आमच्या बाजूला बसलेत, याचं राजकीय वजन मोठं होतं. परत येणाऱ्या न्यायाधीशाचं नाव सरकार वापरणार, हा धोका तेव्हाही होता.

तोतयाचं प्रकरण

परत आल्यावर असा प्रसंग लवकरच आला. पानिपतात सदाशिवरावभाऊ मारले गेले, पण ते जिवंत आहेत अशी अफवा वर्षानुवर्षं चालू होती. सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा एक माणूस आपणच भाऊ असल्याचं सांगत होता. त्याला कैदेत टाकलं होतं. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, किल्लेदारच त्याला सामील झाला आणि बघता बघता कोकणातले किल्ले आणि माणसं त्याच्याकडं गेली. पुण्यातही पुष्कळांना वाटत होतं की हे खरे भाऊसाहेब आहेत.

यात फक्त राजकारण नव्हतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पुण्यात होत्या. नवरा गेल्याचं त्यांनी कधी मानलं नाही, त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. म्हणजे हा माणूस कोण, यावर एका बाईचं आयुष्य आणि एका राज्याची गादी, दोन्ही टांगलेलं होतं.

मराठी फौजांनी तोतयाचा पराभव केला. पळून जाताना तो कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्याला आणला गेला. बारभाईंनी त्याला गुपचूप संपवलं असतं तर लोक म्हणाले असते, खऱ्या भाऊंना मारलं. म्हणून चौकशी झाली आणि ती रामशास्त्रींच्या देखरेखीखाली झाली. तो तोतया ठरला आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

हा निकाल सरकारला हवा तसाच होता. तरी तो लोकांना पटण्यासारखा झाला, कारण तो देणाऱ्या माणसानं तीन वर्षांपूर्वी सरकारला नको असलेला निकाल देऊन घर गाठलं होतं. रामशास्त्रींच्या दुसऱ्या खेपेला जी किंमत होती, ती पहिल्या खेपेच्या शेवटानं मिळवून दिलेली होती.

अर्थात त्यांच्या येण्यानं सगळंच न्याय्य झालं असं नाही. सखारामबापूंसारख्या जुन्या कारभाऱ्याला नानांनी कैदेत टाकलं आणि ते १७८१ मध्ये कैदेतच वारले. राजकीय कैदी न्यायाधीशासमोर यायचेच नाहीत. जे समोर यायचं, त्यावरच न्यायाधीशाचा हात चालायचा.

जे समोर आलं त्यात मात्र रामशास्त्रींनी ठसा उमटवला. त्यांच्या काळातल्या पंचायतींचे निवाडे पुढं पेशवाई संपल्यावरही दाखला म्हणून मानले जायचे, अशी डफची नोंद आहे.

कोपरगाव आणि नगरचा किल्ला

मे १७८२ मध्ये मराठे आणि इंग्रजांमध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पाठिंबा काढून घेतला. महिन्याला २५ हजार रुपयांची नेमणूक घेऊन त्यांनी गप्प राहायचं ठरलं. त्यांनी कोपरगाव निवडलं आणि वर्षभरातच ते गेले. देहान्ताचं प्रायश्चित्त सांगितलं गेलेला माणूस पेन्शनीवर जगून नैसर्गिक मरणानं गेला.

रामशास्त्री त्यानंतर सहा वर्षं काम करत राहिले. ऑक्टोबर १७८९ मध्ये ते वारले. त्यांच्या जागी अय्याशास्त्री न्यायाधीश झाले.

या गोष्टीचा शेवटचा तुकडाही याच जिल्ह्यात आहे. वडील गेले तेव्हा आठ वर्षांचा असलेला रघुनाथरावांचा मुलगा १७९६ मध्ये पेशवा झाला, तोच दुसरा बाजीराव. १७९७ च्या अखेरीस नाना फडणवीसांना दग्यानं पकडण्यात आलं आणि नगरच्या किल्ल्यात डांबलं गेलं. ज्यांनी रामशास्त्रींना परत बोलावलं होतं, त्या नानांना कैदेत टाकताना कुणी चौकशी केली नाही, निवाडा झाला नाही. पेशव्याला जाब विचारणारा न्यायाधीश तेव्हा उरला नव्हता.

आज निवृत्त न्यायाधीश परत येऊ शकतात का?

येऊ शकतात. आपल्याकडं उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. राज्यघटनेच्या कलम २२४ क नुसार उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीनं निवृत्त न्यायाधीशांना परत काम करायची विनंती करू शकतात. सर्वोच्च न्यायालयासाठी अशीच तरतूद कलम १२८ मध्ये आहे. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट लिहिलीय, ती म्हणजे त्या न्यायाधीशाची स्वतःची संमती हवी.

ही तरतूद वर्षानुवर्षं क्वचितच वापरली गेली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचा वापर कसा करायचा याची चौकट घालून दिली. जानेवारी २०२५ मध्ये तुंबलेल्या फौजदारी अपिलांसाठी त्यातल्या काही अटी सैल केल्या आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत असे न्यायाधीश नेमायला मोकळीक दिली.

अमेरिकेत यापुढची पद्धत आहे. तिथल्या केंद्रीय न्यायाधीशांना निवृत्तीचं वय नाही. वय किमान ६५ आणि वय अधिक सेवेची वर्षं मिळून ८० झाली, की ते ज्येष्ठ दर्जा घेऊ शकतात. त्यांची जागा नव्या न्यायाधीशासाठी रिकामी होते, पण ते स्वतः कमी खटले घेऊन काम करत राहू शकतात. १९१९ पासून ही सोय चालू आहे.

कायदा परत येण्याचं वय, मुदत आणि पगार ठरवू शकतो. परत आलेल्या न्यायाधीशावर लोकांनी विश्वास का ठेवावा, हे त्याला ठरवता येत नाही. ते त्या न्यायाधीशानं आधी काय केलं आणि कशासाठी पद सोडलं, यावरच ठरतं. रामशास्त्री परत आले तेव्हा लोकांना त्यांच्याबद्दल कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ते का गेले होते, हे सगळ्या पुण्याला माहीत होतं.